चौथ्या मिनिटाला थांबली

पाकिटावर इस्पितळाचा शिक्का दिसला आणि भिंगरीच्या बाबांचं डोकं फिरलं. लहान मुलांच्या दीर्घ थकव्याच्या आजारावर नवा अभ्यास सुरू होतोय, तुमच्या मुलीने त्यात भाग घ्यावा, अशी विनंती होती. त्यांनी पत्राचे चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून ते कामावर गेले.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. माणूस मूळचा भोळा. डॉक्टर म्हणाले म्हणजे बरोबरच असणार, असं मानणारा. मुलीला भिंगरी हे नाव त्यांनीच ठेवलं होतं, कारण ती जेवतानासुद्धा एका जागी बसत नसे. दहाव्या वर्षी तिला ताप आला. आठवड्याने तो उतरला, पण अंगातलं सगळं त्राण घेऊन गेला. केस विंचरले तरी पोरीला धाप लागायची. तेव्हाही त्याच इस्पितळात एक अभ्यास चालू होता. रोज चालायचं आणि दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवायची. भिंगरी म्हणायची, "बाबा, हे पाय माझे नाहीतच असं वाटतंय." तिथले डॉक्टर म्हणायचे, ती भीती आहे, फार लाड करू नका. बाबांनी लाड केले नाहीत. कधी गोडीगुलाबीने, कधी दरडावून त्यांनी तिला आठ आठवडे चालवलं. नवव्या आठवड्यात ती रस्त्याच्या कोपऱ्यावर मटकन खाली बसली. पुढचे पाच महिने ती अंथरुणाला खिळून होती, तेही पडदे लावून, कारण उजेडसुद्धा सोसवेना. तेव्हापासून बाबांनी कानाला खडा लावला. राग होताच, पण त्याहून मोठी शरम होती. तिला ओढत नेणारा हात डॉक्टरांचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता.

पत्र फाडल्याला चार दिवस झाले असतील. सकाळी अकराला दार वाजलं. बाहेर पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या, खांद्याला जड पिशवी, जिने चढून चेहरा लाल झालेला.

"इस्पितळातून आले, त्या पत्राबद्दल. तुमच्या लेकीने फोन केला होता," बाई म्हणाल्या. "अकराला या म्हणाली. बाबांची दुपारपाळी असते, तोवर घरी भेटतात म्हणे."

बाबांनी मागे वळून पाहिलं. भिंगरी पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि तिच्या मांडीवर चिकटपट्टीने जोडलेलं ते पत्र होतं.

"तेरा वर्षांची आहे मी," ती म्हणाली. "पत्र माझ्याबद्दल होतं."

"आमच्याकडे प्रयोगाला उंदीर मिळणार नाहीत, बाई," बाबा दारातच आडवे उभे राहून म्हणाले.

"उंदीर मला फोन करून बोलावत नाहीत," बाई म्हणाल्या. बाबांना हसू येणार होतं, ते त्यांनी गिळलं. पण ते बाजूला झाले.

भिंगरीने एकच प्रश्न विचारला. "मी मध्येच थांबले तर तुम्ही काय लिहिणार?"

"थांबली, असं लिहिणार. आणि का थांबली, ते तुझ्या शब्दांत."

"मागच्यांनी काय लिहिलं?"

"ते मला माहीत नाही. त्या अभ्यासात मी नव्हते. पण त्याच इमारतीत बसते, तेव्हा हात झटकून मोकळी होणार नाही." बाईंनी पिशवीतून एक अर्ज काढून बाबांपुढे ठेवला. "जुनी नोंद मागायचा हक्क तुम्हाला आहे. आधी ती बघा. मग मला हो म्हणा, नाहीतर हाकलून द्या."

बाबांनी सही केली. तीन आठवड्यांनी नोंदीची प्रत घरी आली. ती भिंगरीच्या आईने मोठ्याने वाचली. आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती, बारीक अक्षर तिला पटकन लागायचं. "पालकांच्या असहकारामुळे अभ्यास सोडला."

"असहकार?" ती उसळून म्हणाली. "आठ आठवड्यांत एक दिवस चुकवला नाहीस तू!"

बाबा उठले. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नळ सोडला आणि कितीतरी वेळ नुसतेच हात धुतले. मग वही घेऊन बसले. आयुष्यात दुरुस्तीच्या पावतीपलीकडे काही न लिहिलेल्या माणसाने दीड पान लिहिलं: कोणत्या दिवशी किती चालवलं, पोर काय म्हणत होती, आपण काय ऐकलं नाही. बाईंनी ते पान जुन्या नोंदीला जोडायला लावलं. त्यासाठी तीनदा खेटे घातले, वरिष्ठांशी वाद घातला आणि शिक्का मारलेली प्रत आणून दिली. त्या दिवशी बाबा म्हणाले, "विचारा तिला. तिचं हो असेल तर माझंही हो."

तपासणी घरीच झाली. दहा मिनिटं भिंतीला टेकून उभं राहायचं, बोटाला नाडी मोजणारा चिमटा. आई सुट्टी घेऊन शेजारी बसली होती. बाबा खिडकीपाशी, मुठी आवळून. एक मिनिट गेलं, दोन गेली. भिंगरीचे ओठ पांढरे पडू लागले. बाबांच्या जिभेवर जुने शब्द आले, अजून थोडंसं, बाळा. त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"बस," चौथ्या मिनिटाला भिंगरी म्हणाली.

"बस," बाई लगेच म्हणाल्या आणि तिला धरून पलंगावर निजवलं. कपाळावर आठी नाही, की सुस्कारा नाही. कागदावर लिहिलं, चौथ्या मिनिटाला थांबली, आणि विचारलं, "का?"

"कानात शिट्टी वाजायला लागली. आणि पाय गेले."

बाईंनी ते तसंच्या तसं उतरवलं आणि कागद तिघांसमोर धरला. "झोपलेली असताना नाडी अठ्ठ्याहत्तर होती. उभी राहिल्यावर एकशे बत्तीस. हिचं शरीर खरंच झगडतंय. औषध माझ्याकडे अजून नाही, खोटी आशा दाखवणार नाही. पण ही भीती नाही, आणि हे लाडही नाहीत."

आईने डोळ्यांना पदर लावला. भिंगरी मात्र उशीत तोंड खुपसून हसत होती. "सांगत होते ना मी!"

तरी बाबांचा जीव टांगणीला होताच. हा आजार वसुली दुसऱ्या दिवशी करतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तीन दिवस रजा टाकली होती. दुसऱ्या दिवशी भिंगरी खरंच दिवसभर पडून राहिली. दुपारी फोन वाजला. बाई होत्या.

"आज कशी आहे? खरा त्रास आज होतो ना, म्हणून विचारते. हेही लिहायचंय."

मागच्या वेळी दुसऱ्या दिवशी कुणीही विचारलं नव्हतं. बाबा फोन धरून तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं सांगत गेले. बाई मध्येमध्ये "थांबा हं, लिहिते" म्हणत होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगरी आपणहून जेवायच्या टेबलापर्यंत आली. बाबांचा जीव भांड्यात पडला. दहा मिनिटं बसली, अर्धी वाटी वरण प्यायली आणि म्हणाली, "बाबा, आता मला आत ने."

"लगेच," बाबा म्हणाले. हातातला घास ताटात ठेवून ते उठलेसुद्धा.