त्या पुस्तिका मीच बांधल्या

मित्रांनो, मी स्पायरल बाइंडिंगचे एक जुने यंत्र आहे. माझा दांडा करकरतो, रंग उडाला आहे आणि डोके भडकलेले आहे. तेव्हा माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझा एकेक दात एका म्हाताऱ्या फिटरने कानशीने घासून बसवला. पुढे बारा वर्षे मी वह्या-पेनांच्या दुकानात राबले. मग दुकानाची मालकीण गुडघ्यांनी हैराण झाली. दुकान बंद करताना तिने मला विद्यापीठात शिकणाऱ्या भाचीच्या हवाली केले.

"दागिना देण्यापेक्षा हे देते," मावशी म्हणाली. "कमावशील त्यातले निम्मे बँकेत टाकत जा. हळू वाढतील, पण वाढतील."

वसतिगृहाच्या तळमजल्यावरच्या व्हरांड्यात माझे बस्तान बसले. पोरगी चलाख होती. पाने ठोकून सरळ करायची, बारा-बारांची चळत माझ्या तोंडात द्यायची, दांडा दाबायची, तार ओवून टोके पकडीने मुडपायची. अहवाल देण्याच्या आठवड्यात तर रांग लागे. मुले तिला 'तारवाली' म्हणू लागली. एका वर्षात तिने स्वतःची फी स्वतः भरली. त्या दिवशी तिने मला तेल घातले आणि लख्ख पुसले. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू!

मग तो कोटवाला आला. एका प्राध्यापकांनी त्याला व्याख्यानाला बोलावले होते. विषय होता 'विद्यार्थ्यांनो, पैसा वाढवा'. व्याख्यानाआधी तो सुट्या पानांचे गठ्ठे घेऊन आमच्या टेबलाशी आला.

"दोनशे पुस्तिका बांधून दे. आणि बँकेत कसले पैसे ठेवतेस? निजवून ठेवतेस की काय त्यांना? माझ्याकडे दे, सहा महिन्यांत दुप्पट!"

त्या पुस्तिका मीच बांधल्या, मित्रांनो. माझ्याच दातांनी. ही चीड माझ्या मनातून जात नाही.

तिने सगळी बचत त्याला दिली. दोन महिने 'नफा' आला. नफा कसला डोंबलाचा! मागून आलेल्या मुलांचे पैसे आधीच्यांच्या हातावर ठेवत होता मेला. पण पोरगी हुरळली. तिने खोलीतल्या मैत्रिणीला गळ घातली, "अगं, मी सांगते ना! माझ्यावर विश्वास नाही का?" मैत्रिणीने सत्राची फीच कोटवाल्याच्या हवाली केली. माझ्यावर धूळ साचू लागली. आता दांडा दाबायची तिला लाज वाटत होती.

पाचव्या महिन्यात कोटवाल्याचा फोन बंद झाला आणि कचेरीला कुलूप लागले. प्राध्यापक म्हणाले, "मी फक्त व्याख्यानाला बोलावलं होतं." झाले, हात झटकून मोकळे!

मैत्रीण व्हरांड्यात आली. "माझी फी कुठाय?"

"माझेही बुडाले गं."

"तू तुझ्या अकलेनं बुडालीस. मी तुझ्या शब्दावर बुडाले."

पोरीने पोलिसांत तक्रार केली. मग माझ्यावरची धूळ झटकली आणि पुन्हा कामाला लागली. बोटे तारेने सोलली, पण दर महिन्याला मैत्रिणीच्या हातात काहीतरी पडत राहिले.

एके दिवशी दुसराच माणूस गठ्ठा घेऊन आला. मुखपृष्ठ नवे, आतली पाने तीच. तिने दोन पाने वाचली आणि दांड्यावरचा हात काढला.

"हे मी बांधणार नाही."

"दुप्पट मजुरी देतो."

"उचला म्हणते ना! नाहीतर सगळं वसतिगृह गोळा करीन."

तो पळाला. घाईत टेबलावर राहिलेली एक प्रत तिने पोलिस ठाण्यात नेऊन दिली. कोटवाला अजून सापडलेला नाही.

फेड सुरू केल्यापासून आठव्या महिन्यात शेवटची रक्कम फिटली. मैत्रिणीने नोटा मोजल्या, पर्समध्ये टाकल्या.

"माझा अहवाल मी दुसरीकडून बांधून घेणार आहे," एवढेच ती म्हणाली आणि गेली. पोरीने पुढची चळत ठोकून सरळ केली आणि माझ्या तोंडात दिली.

मित्रांनो, माझ्यासारख्या यंत्राला वेळच्या वेळी तेल द्या, पोटातला कागदाचा चुरा काढत जा. आणि कुणी घाम न गाळता पैसा दुप्पट करून देतो म्हणाला, तर त्याला तोंडावर विचारा, "तो कुणाच्या खिशातून येणार?" तो नुसता हसला, तर तिथून उठा. आणि एकटे उठू नका, शेजारच्यालाही उठवा.