दुपारी लागणारा दिवा

हेडली ट्रेझाइझ त्या शनिवारी शेडमध्ये आला तो रिकाम्या हातानं. आमच्याकडे असं कुणी येत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वॉलरूच्या चर्चमागं ही पत्र्याची शेड आहे. दर शनिवारी सकाळी आम्ही काही म्हातारी मंडळी तिथं जमतो, ती काहीतरी बिघडलेलं बगलेत मारूनच. कुणाच्या खुराड्याचं दार अंधार पडला तरी आपोआप बंद होत नाही, कुणाच्या बागेतलं यंत्र भर उन्हात ‘माती ओली आहे’ असं खुशाल ठोकून देतं. सगळ्यांच्या पोटात तोच तो बोटाएवढा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, म्हणजे चिमुकला संगणकच, आणि सगळ्यांची रडही एकच. काल चालत होतं, आज चालत नाही. मी जन्मभर शाळेची प्रयोगशाळा सांभाळली, म्हणून रोगी बहुतेक माझ्याच टेबलावर येतात.

हेडली धान्याच्या कोठारांवर क्रेन चालवायचा. निवृत्त झाल्यावर या नादाला लागला. हात सफाईदार, बोलणं कमी. चहाचा कप घेऊन तो माझ्यासमोर बसला.

“मेरिल, तुला एक विचारायचं होतं. बोर्डाबद्दल नाही. रोवीनाबद्दल.”

रोवीना त्याची एकुलती एक मुलगी. नॉर्वेत ट्रोम्सोला माशांच्या रोगांवर काम करते. आई गेली तेव्हा आली होती, आठवडाभर राहिली आणि परत गेली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

“विचार की.”

“माणसाला रोज मध्यरात्री जाग येत असेल, तर काय समजायचं?”

“म्हातारपण,” पलीकडच्या टेबलावरचा सिरिल म्हणाला. “मला तर तीनदा येते.”

“तुला नाही विचारलं,” हेडली म्हणाला. “तू उठून कुठं जातोस ते सगळ्या गावाला माहीत आहे.”

सिरिल हसत तारांना डाख द्यायच्या आपल्या सोल्डरकडं वळला. मग हेडलीनं हलक्या आवाजात सांगितलं. त्यानं दिव्यांची एक जोडी केली होती, हे आम्हाला ठाऊकच होतं. बायको ज्या बरण्यांत जर्दाळू साठवायची, त्यांतल्या दोन काचेच्या बरण्या घासून दुधी केल्या, आत दिवे आणि बोर्ड बसवले. एका बरणीच्या तांब्याच्या पट्टीला हात लावला की दोन्ही बरण्या उजळायच्या, इथलीही आणि इंटरनेटवरून तिकडचीही. एक त्यानं स्वतःकडं ठेवली, दुसरी रोवीनाला पाठवली.

“सकाळी लागतो, तेव्हा तिची झोपायची वेळ असते. ते ठीक. पण हल्ली भर दुपारीही लागतो. मी जेवणाची भांडी घासत असतो आणि हा समोर उजळतो. तिकडं तेव्हा रात्रीचे दोन-अडीच झालेले असतात, मेरिल. रोज. पोरगी झोपत नाहीये. फोनवर विचारलं तर म्हणते, छान चाललंय.”

“दिव्यालाच काही झालं असेल.”

“दिवा माझ्या हातचा आहे.” तो जरा घुश्शातच म्हणाला.

“असू दे ना. सुरुवातीपासून असाच लागतो का?”

“छे! आधी तर लागायचाच नाही म्हण ना. बाहेरच्या खोलीत ठेवला होता, तिथं माझं लक्षही जायचं नाही. वसंतात तो स्वयंपाकघरात आणला, नळापाशी. तेव्हापासून ती रोज आठवण काढते.”

बिघाड शोधणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, शेवटी काय बदललंस? त्याचं उत्तर हेडलीनं स्वतःच देऊन टाकलं होतं आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“सोमवारी येते,” मी म्हटलं. “एकदा नजर टाकू.”

सोमवारी मी गेले तेव्हा त्यानं ओव्हनमध्ये पेस्ट्या, म्हणजे मांस-भाजी भरलेल्या मोठ्या करंज्या, लावल्या होत्या. घरभर सलगम आणि मिरपुडीचा वास. बरणी खिडकीत होती. तिची तांब्याची पट्टी मात्र त्यानं काढून नळाशेजारी भिंतीवर चिकटवली होती. ओल्या हातानंही रोवीनाला चटकन उत्तर देता यावं, म्हणून. पट्टीपासून बोर्डापर्यंत लांब वायर ओढली होती. हेडली टोमॅटो आणायला परसात गेला आणि मी सिंकखाली डोकं घातलं. त्याची वायर आणि नळाला पाणी देणाऱ्या, पावसाच्या पाण्याच्या टाकीवरच्या पंपाची वायर एकाच भोकातून, एकमेकींना बिलगून गेल्या होत्या.

मी उठले. इंटरनेटच्या डब्याचा प्लग काढला. आता नॉर्वेतूनच काय, शेजारच्या घरातूनही इथं काही पोचणार नव्हतं. मग नळ सोडला. थोडं पाणी गेलं, बाहेर पंपानं घुर्र केलं आणि बरणी मधासारखी पिवळी उजळली.

नळ बंद केला. थांबले. पुन्हा सोडला. पुन्हा उजळली.

तांब्याची पट्टी म्हणजे बोर्डाचं कान लावून बसणं असतं. माणसाचा हात जवळ आला की तिच्यातली वीज किंचित हलते आणि बोर्ड म्हणतो, कुणीतरी आलं. पण वायर लांब आणि उघडी असली की पंप सुरू झाल्याची धडकही त्याला हातासारखीच वाटते. बिचाऱ्याला फरक कळत नाही.

वायर दोन बोटं बाजूला सरकवून, वर जाळीचं आवरण घालून मी गप्प घरी जाऊ शकले असते. क्षणभर मनात आलंही. पण मग हा माणूस, पोरगी रात्री झोपत नाही या काळजीनं झुरतच राहिला असता. तो टोमॅटो घेऊन आत आला, तेव्हा मी सरळ सांगितलं.

“हेडली, रोवीना झोपते. तिची काळजी करू नकोस. हा दिवा तुझा पंप लावतोय.”

त्यानं टोमॅटो एकेक करून ओट्यावर ठेवले. मग नळ सोडला. पंप घुरघुरला, बरणी उजळली. नळ बंद केला. पुन्हा सोडला. किती वेळा केलं कोण जाणे. मी त्याला थांबवलं नाही.

“म्हणजे सकाळचाही?”

“किटली भरत असशील तेव्हा.”

“हो. किटली.” तो टॉवेलला हात पुसत राहिला, कोरडे झाल्यावरही. “मी दर वेळी उत्तर द्यायचो गं. हात लावून. कधीकधी बोलायचोही.”

पेस्ट्या थोड्या करपल्या होत्या. आम्ही तशाच खाल्ल्या.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्यानंतरच्या आठवड्यात त्याचा फोन आला. रोवीनाला सांगायचं आहे, पण एकट्याला जमणार नाही, तू ये. मी गेले. तिकडं सकाळ होती, आमच्याकडं ऊन उतरायला लागलं होतं. हेडलीनं फोन टेबलावर ठेवला, दोघांनाही ऐकू येईल असा. सुरुवात मलाच करावी लागली. मी दिव्याचं आणि पंपाचं सांगितलं आणि पलीकडून रोवीना हसायलाच लागली.

“तरीच! अहो मेरिलकाकू, माझ्याकडं तो दिवसरात्र लागत असतो. मी म्हणायचे, बाबाला आता दुसरा उद्योगच उरला नाही.”

इथली बरणी उजळली की तिकडचीही उजळणारच, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याचा प्रत्येक नळ तिकडं पोचत होता.

“मग तू कधी हात का लावला नाहीस?” हेडलीनं विचारलं. आवाज अगदी साधा ठेवला होता त्यानं.

“लावला की! सुरुवातीला रोज लावायचे. काहीच व्हायचं नाही. मला वाटलं, माझा नुसता बघायचा आहे.”

“मग विचारायचंस.”

“तू एवढ्या हौसेनं पाठवलेलास. आणि विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, घेऊन ये इकडं, बघतो.”

“म्हणालो असतो,” हेडली म्हणाला.

मग मीच कामाचं काढलं. तिच्या दिव्याला चार्जर कोणता लावलाय? तिकडचाच, दोन पिनांचा. हेडलीनं इथं बसून चाचणी केली होती ती संगणकाला जोडून, आणि संगणकाचा प्लग तीन पिनांचा, जमिनीशी जोडलेला. दोन पिनांवर जमिनीचा आधार तुटतो आणि त्या बोर्डाला हात जाणवेनासा होतो. उपाय सोपा होता. प्रोग्रॅममधला एक आकडा कमी करायचा, म्हणजे पट्टी जास्त हळवी होईल. आकडा हेडलीनं बदलला, फाइल तिला पाठवली. आता तिनं ती बोर्डात भरायची होती.

“बोर्ड संगणकाला जोडलास?” हेडली.

“जोडला. दिवा लागलाय.”

“संगणकाच्या यादीत दिसतोय?”

“यादी रिकामी आहे.”

“काढून परत लाव.”

“लावला. रिकामीच. बाबा, तुझा बोर्ड मेलाय.”

“बोर्ड नाही मेला. दुसऱ्या भोकात घाल.”

“घातला. नाही.”

“संगणक बंद करून चालू कर.”

“हे तू मी आठवीत असतानाही सांगायचास, तेव्हाही चालायचं नाही.”

ते दोघं भांडायला लागले आणि मला बरं वाटलं. मी विचारलं, “रोवीना, ही वायर कुठली घेतलीस?”

“दात घासायच्या विजेच्या ब्रशची. चार्जिंगची.”

“अगं बाई! तिच्यातून नुसती वीज जाते, अक्षर जात नाही. फोनबरोबर आलेली घे.”

खण उघडल्याचे, खण ढकलल्याचे आवाज आले. मग रोवीना म्हणाली, “दिसला!” हेडलीनं टेबलावर थाप मारली. फाइल भरली गेली. तिनं संगणकाची वायर काढली, दिवा चार्जरला लावला.

“लावू हात?”

हेडली उठून खिडकीपाशी गेला. दोन्ही हात त्यानं पाठीमागं बांधले.

बरणी उजळली.

“मी काही केलं नाही,” तो माझ्याकडं वळून म्हणाला. “मेरिल, बघ, नळ बंद आहे.”

“बंद आहे,” मी म्हटलं.

त्याच दिवशी आम्ही त्याची वायर पंपापासून दूर नेली, वर जाळी चढवली. आता नळ कितीही सोडा, दिवा ढिम्म. अगदी चोख काम झालं. आणि चोख काम झाल्यावर कळलं, की रोवीना क्वचितच हात लावते. ती बोटीवर जाते, प्रयोगशाळेत उशिरापर्यंत असते, थकून येते. बरणी दिवसच्या दिवस काळोखी राहायची. हेडली तक्रार करायचा नाही. एकदा मी गेले तर मीटर घेऊन वायर तपासत बसला होता.

“काही बिघडलंय का?”

“नाही. सगळं बरोबर दाखवतंय,” तो म्हणाला आणि मीटर पेटीत ठेवला.

मग एका सकाळी रोवीनाचाच फोन आला. हेडलीनं मला नंतर सगळं सांगितलं.

“बाबा, तू बरा आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय?”

“दिवा लागत नाही.”

“दुरुस्त केला ना आम्ही. आता हात लावला तरच लागतो.”

“का केलास दुरुस्त?”

ती म्हणाली, “मी रात्री दात घासत उभी असते तेव्हा तो लागायचा. मला वाटायचं, बाबा उठला. मग जरा वेळानं पुन्हा. रात्री मध्येच जाग आली आणि उजेड दिसला तर कळायचं, तू आहेस, काहीतरी करतोयस. आता नुसती बरणी आहे.” आणि मग, “पूर्वीसारखा कर ना.”

त्या दुपारी तो माझ्याकडं आला. मी म्हटलं, कशाला बिघाड परत घालायचा, पंपाच्या तारेवर एक नीट सेन्सर बसवू, प्रोग्रॅममध्ये चार ओळी घालू, पंप चालला की बरोब्बर दिवा लागेल.

“नको,” तो म्हणाला. “होता तसाच कर.”

गंमत अशी, की बिघाड काढणं सोपं आणि घालणं अवघड. वायर पुन्हा त्याच भोकातून घातली तर दिवा कधी लागे, कधी नाही. एकदा सुरू झाला तो विझेचना. सबंध दुपार आम्ही दोघं सिंकखाली गुडघे मोडून घेत होतो. शेवटी हेडलीनं वायर पंपाच्या वायरीभोवती दोन वेढे दिले आणि जमलं. मी नळ सोडला, बरणी उजळली. तिकडं अजून उजाडलं नव्हतं.

“तिला उठवलं असेल आपण,” मी म्हटलं.

“असू दे,” तो म्हणाला.

त्याच्याकडं मात्र तिच्या बाजूनं काही येत नाही, ती हात लावेल तेवढंच. तिचं पाणी शहराचं आहे, पंप नाही. मी म्हटलं होतं, तिच्या दारावर एक छोटा सेन्सर बसवता येईल, घरी आली की तुला कळेल. त्यानं मान हलवली. “तिनं मागितलं तर. आपण होऊन नाही.”

उन्हाळा सरता सरता तो मला म्हणाला, पोस्टात जायचंय, येतेस का? पासपोर्टचा फोटो काढायचा होता, आमच्याकडं तो पोस्टातच काढतात. हा माणूस आयुष्यात कधी विमानात बसलेला नाही. क्रेनच्या टोकाला बसून जन्म काढला, पण विमानाचं नाव काढलं की त्याला घाम फुटतो. तिकीट काढलेलं नव्हतं, रोवीनाला सांगितलेलंही नव्हतं. काउंटरवरच्या मुलीनं त्याला पांढऱ्या पडद्यासमोर उभं केलं.

“हसू नका हं, मिस्टर ट्रेझाइझ.”

“मी हसत नाहीये,” तो म्हणाला. खरंच हसत नव्हता.

बाहेर आल्यावर त्यानं फोटो उन्हात धरून पाहिले, खिशात ठेवले. बंदराच्या धक्क्याकडून वारा येत होता. गाडीचं दार उघडता उघडता तो थांबला.

“मेरिल, तिकडं एवढी थंडी असते. तिथं सोल्डर नीट वितळत असेल का गं?”

“घरात बसून केलंस तर वितळेल.”

त्यानं मान डोलावली. “तिच्या चार्जरला आधी तिसरी पिन लावून देईन,” तो म्हणाला आणि गाडीत बसला.