पालथ्या पायलीची शीग

मित्रांनो, मी एक जुनी पायली आहे, आणि माझ्यावरची शेवटची शीग खोटी होती.

घोटीच्या एका लोहाराने मला पत्र्यातून वळवलं. इंद्रायणीचा नवा तांदूळ आला की पहिला मान माझा. काठापर्यंत भरलं तर ते नुसतं भरणं. त्यावर दाण्यांचं टोक उभं राहिलं आणि पुढचा दाणा घरंगळू लागला, की ती शीग. उत्कंठा शिगेला पोहोचली, असं तुम्ही निबंधात लिहिता ना? ती शीग माझ्या डोक्यावरची. शेजारी उसनं द्यायचं ते शिगोशीग, ही माझा घरधनी इसाक याच्या आईची शिस्त. तिच्यामागे सून मेहरुन्निसाने ती पाळली.

मग भात गिरणीत पोत्यांची थप्पी इसाकच्या पायावर कोसळली. तो तिथे हमाल. मोडलेल्या पायात सळई घालावी लागली. हाड जुळायच्या आत भार दिला तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं. तरी खाटेवरून त्याचं एकच चाले, "तांदूळ हाय ना घरात? नसंल तर मी निघालो गिरणीवर."

पोतं संपलं त्या दिवशी मेहरुन्निसाने मला फळीवर पालथं घातलं. माझा तळ बोटभर आत आहे. त्या खळग्यात तिने उरलेले मूठभर तांदूळ ओतले आणि हलक्या हाताने शीग लावली. खाटेवरून बघणाऱ्याला मी ओसंडताना दिसत होते. इसाक निश्चिंत झाला. लोकांची धुणी धुऊन आणलेल्या कण्यांवर ती चूल पेटवू लागली. मला सगळं ठाऊक होतं, पण पायलीला कुठलं तोंड?

आज शेजारच्या यशोदाबाई आल्या. त्यांच्या मुलाची, समाधानची नवरी दारात यायची होती आणि उंबऱ्यावर माप हवं होतं.

"मेहरू, आमच्याकडं नुसते स्टीलचे डबे. तुझी पायली दे, भरलीय तशीच. उद्या शिगेनं परत करते."

मेहरुन्निसा जागची हलेना.

"दे की गं," इसाक म्हणाला. "शिगोशीग तर हाय."

"राहू द्या मावशी, मी आणते," असं ती म्हणेपर्यंत यशोदाबाईंनी मला उचललंसुद्धा. भरल्या पायलीच्या अंदाजाने त्यांनी जोर लावला आणि मी हवेतच कलंडले. मूठभर तांदूळ जमिनीवर सांडले. माझं रिकामं तोंड सगळ्यांना दिसलं.

खाटेची कड धरून इसाकने सळईचा पाय खाली टेकवला. मेहरुन्निसाने धावत जाऊन तो पाय दोन्ही हातांनी उचलून धरला. "नका हो, पाया पडते तुमच्या," एवढंच ती म्हणत राहिली.

मला उराशी धरून यशोदाबाई आपल्या घराकडे पळत सुटल्या आहेत. मी भरून परत जाईपर्यंत मेहरुन्निसाचे हात न सुटोत.

मित्रांनो, शेजारची पायली शिगोशीग दिसली, तरी एकदा उचलून बघा.