सुनीती आगाशे आपल्याला बातम्या देत आहे

अभ्यंकरांनी पहिल्या पानावरचं श्यामलाचं नाव खोडलं आणि पेनाला टोपण न लावता ते समोरच्या खुर्चीवर टेकले.

“आजपासून हे नको,” ते म्हणाले.

“काय नको?” श्यामलाने विचारलं.

“परचुरे नको.”

श्रीनिवास अभ्यंकर हे आणीबाणी लागल्यावर रेडिओ केंद्रावर आणून बसवलेले अधिकारी. सकाळच्या मराठी बातमीपत्राच्या पानावर त्यांची सही पडल्याशिवाय ते पान माइकपुढे जात नसे. माणूस काही वाईट नव्हता. कधी आवाज चढवत नसे, चहा मागवला तर शिपायालाही एक कप मागवत असे. मोर्चा, संप, उपोषण हे शब्द त्यांनी मराठीतून जवळजवळ हद्दपार केले होते, पण तेही दर वेळी ‘जरा बघा’ असं म्हणून.

“दिगंबररावांना नेलं हे आता गावभर झालंय,” ते म्हणाले. “तुम्ही सकाळी ‘श्यामला परचुरे आपल्याला बातम्या देत आहे’ म्हणता, आणि लोक बातम्या सोडून परचुऱ्यांचं काय झालं ते बोलत बसतात. वरून विचारणा आलीय.”

“मग मला काढून टाका.”

“तसंच सांगितलं होतं. मीच म्हटलं, आवाज चांगला आहे, कशाला घालवा. माहेरचं नाव लावलं तर कोणाच्या लक्षातही यायचं नाही. काय होतं तुमचं माहेरचं नाव?”

माहेरचं नाव सुनीती आगाशे. त्या काळी लग्नात मुलीचं आडनाव बदलायचं तसं पाळण्यातलं नावही बदलायचं. दिगंबरने ताटातल्या तांदळांत अंगठीने ‘श्यामला’ लिहिलं, पाहुण्यांनी पेढे खाल्ले आणि सुनीती तिथेच संपली. तिला त्या नावाने हाक मारणारे वडील होते, तेही गेले. सासरी कसबा पेठेत तर ते नाव कोणाला ठाऊकसुद्धा नव्हतं.

पर्स मांडीवरच होती. उठून चालू लागायचं तर तेवढं पुरे होतं. पण दिगंबरला कचेरीने निलंबित केलं होतं आणि घर आता तिच्यावर चालत होतं. आणि घराचं कारण पुढे करणं सोपं असलं तरी खरं कारण ते नव्हतं. माइकपुढची ती सकाळ सोडली तर दिवसभरात तिचं कोणी ऐकत नसे. ती सोडायची तिची तयारी नव्हती.

तिने नाव सांगितलं. अभ्यंकरांनी ते सुवाच्य अक्षरात लिहिलं.

लाल दिवा लागला. जीभ अडखळेल असं तिला वाटलं होतं, पण कसली अडखळते! “नमस्कार. सुनीती आगाशे आपल्याला बातम्या देत आहे,” ती म्हणाली, आणि पुढे सगळं नेहमीसारखं झालं. सगळीकडे शांतता होती, गाड्या वेळेवर धावत होत्या, कामगार खुशीत होते. तिने ते सगळं प्रत्येक ‘ळ’ आणि ‘ण’ नीट उच्चारून वाचलं.

भीती एकाच गोष्टीची होती. दिगंबर काय म्हणेल? सरकारविरुद्धची पत्रकं वाटली म्हणून तो येरवड्याच्या तुरुंगात बसला, आणि बायकोने त्याचं नाव पुसून सरकारच्या बातम्या वाचायला घेतल्या. नवऱ्याला टाकणं म्हणजे आणखी काय असतं? भेटीला जाताना बसमध्ये ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. एकही धड जुळलं नाही.

भेटीच्या खोलीत एक शिपाई कोपऱ्यात उभा होता. दिगंबर बारीक झाला होता, दाढी वाढली होती. तिने दाण्याच्या लाडवांचा डबा पुढे सरकवला.

“नाव बदललंस ते बरं केलंस,” तोच म्हणाला.

“तुम्हाला कसं कळलं?”

“बराकीत रेडिओ लागतो ना. सकाळी सगळे जमतात. शिव्या घालायला काहीतरी हवं.” त्याने लाडू फोडला, अर्धा तिच्यापुढे केला. “सर्जेराव म्हणून एक आहे आमच्यात. वाघोलीकडचा, कारखान्यातला कामगार. तो तर बोटं मोडतो तुझ्या नावाने. आली आगाशीणबाई, बसली खोटं बोलायला, असं म्हणतो.”

“मग तुम्ही काय म्हणता?”

“मी काय म्हणणार? हसतो सगळ्यांबरोबर. परचुरे असतं तर पंचाईत होती. तोंड दाखवायला जागा राहिली नसती मला.”

श्यामलाने हातातला अर्धा लाडू परत डब्यात ठेवला.

“सोडू का नोकरी?” तिने विचारलं.

“वेड लागलंय का? घराला लागतं, वकिलाला लागतं. ते कुठून आणायचं? वाच तू. फक्त इथे कोणाला कळता कामा नये, एवढं बघ.”

तिने मान हलवली. इतके दिवस ज्याला घाबरत होती ते झालंच नव्हतं, म्हणजे खरं तर हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वाईटही वाटलं नाही. परतीच्या बसमध्ये शेजारच्या बाईने खिडकी लावू का म्हणून विचारलं, त्यालाही ती हो म्हणाली आणि मग उकाड्यात बसून राहिली.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला दिगंबर सुटला. आळीत हार पडले, ओवाळणं झालं. पंधरवड्याने सर्जेराव भेटायला आला. डोक्याला पागोटं, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. दाराशी वहाणा काढून तो बैठकीच्या अगदी कडेला टेकला. दोघांच्या गप्पा रंगल्या. बराकीतला ढेकूण, डाळीतलं पाणी, कोण कसा घोरायचा. श्यामला आतून ऐकत होती. दिगंबर इतका मोकळा हसलेला तिने पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता.

ती चहा घेऊन बाहेर आली.

“साखर पुरेशी आहे का बघा. आणखी आणते.”

सर्जेरावने बशी तोंडाशी नेता नेता खाली ठेवली.

“वैनी, तुमचा आवाज लई वळखीचा वाटतोय. कुठं ऐकलाय बरं?”

दिगंबरने मान वर केली नाही.

“भजनाला जाते ती,” तो म्हणाला. “देवळात लाउडस्पीकर असतो.”

“आसंल, आसंल,” सर्जेराव म्हणाला आणि चहा प्यायला.

जाताना त्याने पाणी मागितलं. श्यामलाने न बोलता तांब्या-भांडं आणून ठेवलं. दारात त्याने हात जोडले.

“वैनी, यांनी लई धीर दिला बराकीत. आसा मानूस हाय म्हनून आमी तगलो.”

नवऱ्याचं इतकं कौतुक ऐकून दोन शब्द बोलायला हवेत हे तिला कळत होतं. पण बोललं तर तो ओळखणार. तिने नुसती मान डोलावली. घुमी बाई दिसते असं वाटलं असेल त्याला.

मार्चमध्ये दिल्लीतलं सरकार गेलं. अभ्यंकर राहिले. सरकार बदललं म्हणून अभ्यंकरांनी कशाला बदलायचं? आता ते मोकळेपणाबद्दल बोलायचे, तेही त्याच सभ्य आवाजात. दिगंबरला कचेरीने मागच्या पगारासकट परत घेतलं होतं, आणि संध्याकाळी तो आता सत्तेवर आलेल्या पक्षाच्या कार्यालयात बसायचा. तिथे फोन होता, पंखा होता, लोक उठून नमस्कार करायचे. सर्जेरावला मात्र कारखान्याने परत घेतलं नाही. त्याच्याबरोबरच्या कितीतरी जणांना घेतलं नाही. दिगंबर म्हणायचा, होईल, वेळ लागतो.

मग दिल्लीचे नवे मंत्री पुण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामला केंद्रावर पोचली तेव्हा अभ्यंकर फारच खुशीत होते.

“आजपासून पुन्हा परचुरे,” ते म्हणाले. “आता काही हरकत नाही. किंबहुना म्हणाच. यजमानांचंही नाव आहे आज बातम्यांत, शोभून दिसेल.”

पहिल्या पानावर आपल्या हाताने त्यांनी ‘श्यामला परचुरे’ लिहिलं होतं. खाली मंत्र्यांचा दौरा, मग तुरुंगवास भोगलेल्यांचा सत्कार. त्या सत्काराला उत्तर देताना श्री. दिगंबर परचुरे म्हणाले होते की, जनतेचा आवाज पुन्हा कधी कोणाला दाबता येणार नाही. तिने पान उलटलं. तिसऱ्या पानावर एका बातमीवर आडवी रेघ होती. रेघेखालचं स्वच्छ वाचता येत होतं. आणीबाणीत तुरुंगात गेलेले आणि अजून कामावर न घेतलेले कामगार मंत्र्यांच्या गाडीपुढे बसले, पोलिसांनी त्यांना उचलून चौकीवर नेलं. त्यांचे पुढारी सर्जेराव सातव.

“ही का काढली?”

“पाहुणे अजून गावात आहेत हो. बरं दिसत नाही.”

“वरून आलं का?”

“छे, छे. आता वरून काही येत नाही.” अभ्यंकरांना खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. “काल दिगंबररावांचाच फोन होता. घरी बोलले नाहीत?”

घरी दिगंबरने काल अळूची भाजी दोनदा मागून घेतली होती आणि भाजी छान झाल्याचं सांगितलं होतं. बाकी काही बोलला नव्हता.

“ती माणसं सुटली का?”

“अजून चौकीवर असतील. मंत्री गेले की सोडतील. तुम्ही चला, वेळ झाली.”

श्यामलाने राग येण्याची वाट पाहिली. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो आणि चिमटा घेतला तरी कळत नाही, तसं काहीतरी तिचं कधीपासून झालं होतं. ती उठली, स्टुडिओत गेली, खुर्ची पुढे ओढली. काचेपलीकडे अभ्यंकर घड्याळ बघत होते. लाल दिवा लागला.

“नमस्कार. सुनीती आगाशे आपल्याला बातम्या देत आहे.”

काचेपलीकडचं डोकं झटकन वर झालं. ती वाचत राहिली. मंत्र्यांचा दौरा वाचला, सत्कार वाचला, परचुरे काय म्हणाले तेही शब्द न शब्द वाचलं. रेघ मारलेली बातमी वाचली नाही. शेवटी हवामान सांगितलं. अभ्यंकर काही बोलायच्या आत पर्स घेऊन बाहेर पडली.

घरी दिगंबर आरामखुर्चीत बसला होता. समोर तीन-चार रिकाम्या कपबशा होत्या.

“नाव चुकलीस आज,” तो म्हणाला.

“नाही चुकले.”

“आगाशे म्हणालीस! अभ्यंकरांनी सांगितलं नव्हतं का?”

“सांगितलं होतं.”

“मग? शेजारचे मुद्दाम बोलावले होते मी. म्हटलं, ऐका, आमची श्यामला वाचणार आहे आता. काय तोंड झालं माझं!”

श्यामलाने कपबशा उचलल्या आणि मोरीपाशी नेऊन ठेवल्या. रात्रीच्या पोळ्या फडक्यात होत्या, थोडं पिठलं होतं. ती डबा भरायला लागली.

“सर्जेरावांची बातमी तुम्ही काढायला लावलीत?”

दिगंबरने चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला.

“तुला नाही कळायचं ते. आत्ता कुठे आपली माणसं आली आहेत. पहिल्याच फेरीत त्यांना असं उघडं पाडायचं? सर्जेरावचं मी बघणार आहेच. सवडीने करायच्या असतात या गोष्टी.”

“मी कुठे काय म्हणतेय?” ती म्हणाली. “तुरुंगात होतात तेव्हा अशा बातम्या सुनीती आगाशेच द्यायची. आजच्याही तशाच होत्या, म्हणून तिनेच दिल्या.”

खाली आळीत भांडीवाला ओरडत गेला. तिने डब्याचं झाकण दाबून बसवलं आणि डबा पिशवीत घातला.

“हे कोणाला?” त्याने विचारलं.

“चौकीवर. कालपासून उपाशी असतील.”

दिगंबर खुर्चीतून अर्धवट उठला. मग पुन्हा बसला.

“जा, दे नेऊन,” तो म्हणाला. “पण तिथे बोलू नकोस फार. आवाज ओळखेल तो.”

“नाव सांगणार आहे मी त्यांना.”

“कुठलं?”

श्यामलाने चपला पायांत सरकवल्या.

“दोन्ही,” ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.