इस्त्रीवालीची दोन मतं

थंडोबांनी फाईल टेबलावरून तिच्याकडे सरकवली आणि लगेच चष्मा पुसायला घेतला. समोरच्याच्या नजरेला नजर द्यायची नसली की ते चष्मा पुसत, हे सरकारी वकिलांच्या त्या कचेरीत शिपायालाही ठाऊक होतं. थंडोबा हे अर्थात पाठीमागचं नाव. ते कचेरीचे प्रमुख. समोर सगळे साहेबच म्हणत. पाठीमागचं नाव त्यांच्या हाताखालच्या ह्या वकिलीणबाईलाही होतं. तिला खिळा म्हणत, कारण ती एकदा कुठे रुतली की निघता निघत नसे.

"जास्तीत जास्त शिक्षा मागायची," चष्म्याच्या काचेकडे बघत ते म्हणाले. "वरून निरोप आहे."

निरोप तोंडी होता. असले निरोप कागदावर येत नसतात.

फाईल एका इस्त्रीवालीची होती. ही विधवा बाई जुन्या गल्लीत जिन्याखाली इस्त्री करत म्हातारी झाली आणि गेल्या वर्षी लेकीकडे नव्या वस्तीत राहायला गेली. तिचं नाव नव्या यादीत चढलं, जुन्या यादीतून उतरायचं राहून गेलं. मतदानाच्या दिवशी सकाळी नव्या वस्तीतले कार्यकर्ते तिला गाडीत घालून घेऊन गेले. दुपारी जुन्या गल्लीतले आले. बऱ्याच दिवसांत शेजारणी भेटल्या नव्हत्या म्हणून ती त्यांच्याबरोबरही गेली, आणि गेलीच आहे तर मत देऊन आली; बोटावरची शाई कुणी पाहिलीच नाही. बाहेर कुणा वार्ताहराने तिच्यापुढे माइक धरला, तेव्हा ही माउली खुशीत सांगून मोकळी झाली की दोन्हीकडे जाऊन आले, सकाळचं मत ह्यांना दिलं, दुपारचं त्यांना. कुणाला वाईट वाटायला नको. मतदारसंघ एकच असल्यामुळे तिच्या दोन मतांनी एकमेकांना खाऊन टाकलं होतं. निकालात त्याने काडीचा फरक पडला नव्हता. पण रात्रीपर्यंत सगळ्या देशाने तिला हसताना पाहिलं होतं.

आता पोटनिवडणूक तोंडावर आली होती आणि सरकारला बोगस मतदानाबाबत आपण किती कडक आहोत ते दाखवायचं होतं. इस्त्रीवाली आयती सापडली होती. तिला वर्षभर आत टाकता येत होतं.

"आणि गोदामाची फाईल?" तिने विचारलं.

गोदाम मंत्र्यांच्या मेहुण्याचं होतं. त्या एका पत्त्यावर शेकडो मतदार नोंदवले गेले होते आणि राहत होता फक्त चौकीदार. तपास तिनेच बारकाईने करवून घेतला होता. मग ते कागद वाचायला म्हणून वर मागवले गेले, ते गेलेच.

"ती वरच आहे."

"अजून वाचून झाली नाही?"

थंडोबांनी दुसरी काच पुसायला घेतली.

नाही म्हटलं तर काय होतं, हे कुणी सांगायची गरज नव्हती. डोंगरापलीकडच्या कोर्टात बदली होत असे. एरवी तिने त्याची पर्वा केली नसती. पण वर्षाच्या सुरुवातीला नवऱ्याची उजवी बाजू गेली होती. आता कुठे तो एका हुशार फिजिओथेरपिस्ट बाईच्या हाताला धरून पलंगापासून खिडकीपर्यंत चालायला लागला होता. डोंगरापलीकडे अशी बाई मिळणार नव्हती.

संध्याकाळी तिने त्याला इस्त्रीवालीची गोष्ट सांगितली. दोन मतांपाशी आल्यावर तो हसला. वाकड्या तोंडाने, पण अगदी मनापासून. आजारपणानंतर तो असा हसला नव्हता. मग शब्द जुळवत त्याने विचारलं,

"आत... टाकणार?"

"टाकायला सांगितलंय."

तो पुढे काहीच बोलला नाही. तिला त्याचा रागच आला. टाक म्हणाला असता किंवा नको म्हणाला असता, तर उद्या दोष द्यायला कुणीतरी झालं असतं. मुळात बडबड्या माणसाने नेमकं आजच गप्प बसावं, हे तिला फार लागलं. ती उठली आणि दुसऱ्या दिवशीच्या कोटावर इस्त्री फिरवत बसली.

कोर्टात न्यायाधीश यायला वेळ होता. इस्त्रीवाली बाकाच्या टोकाला बसून तिच्याकडे टक लावून पाहत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"बाई, कोटाची कॉलर जळलीय की हो. कुठे देता इस्त्रीला?"

"घरीच करते."

"ते कळतंय."

ही बाई आपल्याला तुरुंगात धाडायला आली आहे, हे तिच्या गावीही नव्हतं. किंवा असेलही, पण जळकी कॉलर तिला त्याहून सहन होत नव्हती. सरकारी वकिलीण हसू दाबत कागदांत तोंड घालून बसली. आदल्या दिवशी टाईप केलेलं निवेदन समोर होतं. जास्तीत जास्त शिक्षा, समाजाला जरब, सगळं जिथल्या तिथे.

इस्त्रीवालीने गुन्हा पहिल्या झटक्यात कबूल केला. शिक्षेबाबत सरकारचं म्हणणं काय, असं न्यायाधीशांनी विचारलं. ती उठली. कागद तिने उचलला नाही.

"समज देऊन सोडावं, एवढीच विनंती आहे. शिक्षेचा जोर लावायला सरकारकडे याहून मोठी प्रकरणं आहेत."

न्यायाधीशांनी मान वर केली. सरकार बोगस मतदारांना जरब बसवणार, हे सकाळच्या वर्तमानपत्रात त्यांनीही वाचलं असणार.

"ही सरकारची भूमिका समजायची का?"

"सरकारतर्फे मी उभी आहे," ती म्हणाली. "उभी आहे तोवर, हो."

इस्त्रीवाली सुटली. बदलीचा हुकूम त्याच आठवड्यात आला. कचेरीतले लोक तिला टाळत होते असं नाही, पण ती दिसली की त्यांना अचानक फोन येत. थंडोबांनी खाली मान घालून हुकुमावर सही केली आणि तो तिच्या हातात दिला. बावीस वर्षांपूर्वी ह्याच माणसाने आपल्याला उलटतपासणी शिकवली, हे आठवून तिला फार वाईट वाटलं.

घर आवरणं चालू असताना रविवारी थंडोबा दारात उभे राहिले. नवऱ्याला बघायला आलो म्हणाले. त्याच्याशी हवापाण्याचं बोलले, खोक्यांमधून वाट काढत खुर्चीवर बसले, आणि चहा संपला तरी उठेनात.

"ती फाईल मी तुलाच का दिली, माहीत आहे?"

"मी तिथली सगळ्यात जुनी म्हणून."

"नाही. बाकी कुणीही त्या बाईला आत टाकलं असतं. मीसुद्धा. तू टाकणार नाहीस, एवढी खात्री होती."

तिच्या हातातली दोरी तशीच राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं की आपण त्यांच्या मर्जीविरुद्ध गेलो.

"म्हणजे बदली होणार, हेही माहीत होतं."

"हो."

"आणि ह्यांचं?"

थंडोबांनी पलंगाकडे पाहिलं. नवरा त्यांच्याकडेच बघत होता. त्यांचा हात चष्म्याकडे गेला नाही.

"तेही."

तिला ओरडावंसं वाटलं. स्वतःचा कणा नाही म्हणून माझा वापरलात, असं काहीतरी. पण समोरचा माणूस इतका थकलेला होता की ती नुसती दोरी खोक्याभोवती गुंडाळू लागली.

"गोदामाची फाईल परवा खाली आली," ते म्हणाले. "पुरावा नाही, असा शेरा मारून बंद करायचीय. निवृत्तीला चार महिने राहिलेत माझे. काल दिवसभर विचार करत होतो, कुणाला द्यावी."

"आणि मला विचारायला आलात."

"तुझ्यासारखं दुसरं कोण आहे तिथे?"

तिने दोरीची गाठ मारली, खोकं बाजूला सारलं आणि त्यांच्यासमोर येऊन बसली.

"साहेब, या वेळी कुणाला देऊ नका."

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. नंतर उठले, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून निरोप घेतला आणि दारापाशी बूट चढवायला बसले. वाकल्यावर त्यांना धाप लागत होती. ती दार धरून उभी राहिली.

"तिकडे डोंगरापलीकडे भाड्याची घरं मिळतात का गं?" बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी विचारलं. "मी आणि बायको, दोघांपुरतं. चार महिन्यांसाठी देतं का कुणी?"