साहेबाला कळणारे शब्द

आमच्या घरात साहेब एकच, आणि त्याला चार पाय आहेत. आम्ही दोघं नोकर. साहेब म्हणजे आमचा कुत्रा: रंग मातकट, एक कान उभा, एक पडलेला, जात विचाराल तर रस्त्यावरची. सात वर्षांपूर्वी हिने त्याला शाळेच्या फाटकापाशी उचललं आणि घरी आणलं. तेव्हापासून ही त्याच्याशी बोलते. बोलते म्हणजे हाडहूड नव्हे, चांगली पूर्ण वाक्यं. "साहेब, दूध संपलंय, आता उद्या सकाळी हं. रुसायचं नाही."

ही बालवाडीत शिकवते. कुठलीही गोष्ट तीनदा सांगितली की समोरच्याला कळतेच, असा हिचा विश्वास आहे. तीस वर्षं माझ्यावर प्रयोग करूनही तो ढळलेला नाही.

"त्याला सगळं कळतं," ही म्हणते.

"त्याला बिस्किटांचा डबा कळतो," मी म्हणतो.

एका सुट्टीच्या दिवशी मी ते सिद्धच करून दाखवलं. अगदी लाडात येऊन म्हणालो, "साहेब, तू एक नंबरचा आळशी, फुकटखाऊ, बिनकामाचा प्राणी आहेस." साहेबाची शेपटी थांबेना. मग डोळे वटारून ओरडलो, "फार गुणी आहेस तू!" तर स्वारी पलंगाखाली.

"बघितलंस? शब्दबिब्द काही नाही. नुसता सूर कळतो."

"मग तो जरा नीट लावत जा की," ही म्हणाली. "पलंगाखाली सगळ्यांनाच जागा नाही."

मी लिफ्टचा मेकॅनिक. आमच्या धंद्यात समोरच्याला कळलं की नाही हा जिवाचा प्रश्न असतो. एक जण लिफ्टच्या टपावर, दुसरा वर मशीनच्या खोलीत. वरच्याने ओरडायचं, "खाली घेतो!" टपावरच्याने तेच परत म्हणायचं, "खाली घे!" परत म्हटल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. 'हं' चालत नाही, मान हलवलेली तर दिसतच नाही. एकोणतीस वर्षं मी हा नियम पाळला. घरी मात्र तोंडाला कुलूप. दिवसभर ओरडून घसा बसलेला, गुडघे बोलत असतात, त्यांच्यात आपण आणखी काय बोलायचं? ही विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही." मग ही मुलांच्या वह्या ओढते आणि मी आडवा होतो. झाला दिवस.

दोन महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या हातातून पाना निसटला. मी आठव्या मजल्यावर होतो. पाना थेट तळाच्या खड्ड्यात. तिथे माझा जोडीदार काम करत होता. आम्ही सगळे त्याला काका म्हणतो. तो नुकताच पाणी प्यायला बाहेर आला होता, म्हणून वाचला. मी खाली उतरलो तेव्हा पाना माझ्या हातात परत देत म्हणाला, "काय रे, झोपलास का?" मी हसलो. हात खिशात घातला, कारण तो अजून थरथरत होता.

डॉक्टरांनी मला बोटं नाचवायला लावली, सरळ रेषेत चालायला लावलं, आणि सांगितलं की हा थकवा नाही. नसांचा आजार आहे, हळूहळू वाढेल. गोळ्या घ्या, आणि उंचावरचं काम आजपासून बंद. मी मान हलवली. गोळ्यांची पाकिटं हत्यारांच्या पेटीत तळाशी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिफ्टच्या शाफ्टमध्ये, त्या उभ्या बोगद्यात, चढलो.

हिला सांगितलं नाही. लेकीला सातवा महिना लागला होता, त्यात ही कटकट कशाला, असं मी स्वतःला समजावलं. पण ते खरं नव्हतं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. भीती वाटते हे या घरात मी कधी उच्चारलं नव्हतं, ते चोपन्नाव्या वर्षी कुठल्या तोंडाने सुरू करणार?

साहेबाला मात्र सांगितलं. रोज सकाळी त्याला फिरवायला मीच नेतो. मैदानाच्या कडेला एक बाक आहे, त्यावर बसून म्हणालो, "साहेब, माझा हात गेला रे." साहेबाने बाकाच्या पायाचा वास घेतला आणि एक तंगडी वर केली. मला तेवढ्यानेही बरं वाटलं. ज्याला कळत नाही त्याच्यापाशी मन मोकळं करायला काय लागतं? मग रोजच सांगायला लागलो. रोज शेवटी म्हणायचो, "आज हिला सांगतो बघ."

असे साठ 'आज' गेले.

लेकीला प्रवास झेपणार नव्हता, म्हणून बाळंतपणाला हीच तिच्याकडे जाणार होती. निदान महिनाभर. माझ्या पाळ्या बदलत्या, तेव्हा साहेब तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांकडे राहणार असं ठरलं. मास्तर एकटे, मनाचे चांगले, पण कुत्रं त्यांनी आयुष्यात पाळलेलं नाही. म्हणाले, "वहिनी, काय म्हटल्यावर तो काय करतो ते तेवढं लिहून द्या. मला आपलं माप लिहिलेलं लागतं."

जायच्या आदल्या संध्याकाळी हिने कागद माझ्या हातात दिला. "एवढा मास्तरांना देऊन या. आणि साहेबाला घेऊन जा, जागा बघू दे त्याला."

मी निघालो. पायऱ्या उतरताना डोक्यात उद्याचंच काम होतं. अकरा मजली इमारत, लिफ्टचे दोर बदलायचे. मी वर, काका खाली.

पहिल्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबलो आणि सहज कागद उघडला. अक्षरं नाचायला लागली, म्हणून तो भिंतीला टेकवून धरला. बालवाडीचं दुरेघी पान, हिचं गोल अक्षर.

'चल: पट्टा तोंडात घेऊन येतो.
डबा: सांगायला नको.
नको: लगेच थांबतो. एकदाच म्हणावे, रागावू नये.
ताई आली (ताई म्हणजे आमची लेक): दाराशी पळतो. उगाच म्हणू नये, तासभर तिथेच बसून राहतो.
काय झालं: कान टवकारतो, आमच्याकडे बघत बसतो.
काही नाही: उठून आपल्या गोधडीवर जाऊन झोपतो. रात्री झोपवायला हेच म्हणावे.'

शेवटची ओळ मी तीनदा वाचली.

ती तक्रार नव्हती. टोमणाही नव्हता. मास्तरांची सोय व्हावी म्हणून हिने सरळ लिहिलं होतं, जसं डबा लिहिलं तसंच, आणि म्हणून ते मला फार लागलं. हे साहेबाला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. रोज मी ते दोन शब्द म्हणायचो, त्यानंतर घरात कुणी काही बोलायचं नाही, आणि त्याला कळलं की आता संपलं, झोपायचं. त्याला शब्द कळत होते. माझेच कळत होते.

"चल," मी म्हणालो. आम्ही परत वर गेलो.

ही बॅगेवर गुडघा रोवून चेन ओढत होती. "एवढ्यात आलात? मास्तर नव्हते का?" मग माझ्या तोंडाकडे बघून, "काय झालं?"

साहेबाचा कान उभा राहिला.

"काही ना..." माझ्या तोंडून गेलंच. शब्द पुरा व्हायच्या आत साहेब वळला आणि गोधडीकडे चालू लागला. मी त्याला जाताना पाहिलं.

"थांब," मी म्हणालो. तो थांबला. हीसुद्धा थांबली.

"अगं, माझा हात थरथरतो. दोन महिने झाले. नसांचा आजार आहे, बरा व्हायचा नाही. हातातून पाना पडला, काका थोडक्यात वाचला. डॉक्टरांनी चढायला बंदी केली आहे आणि मी रोज चढतोय. मला भीती वाटते."

मला वाटलं ही रडेल, नाहीतर चिडेल. हक्कच होता. पण ही बॅगेवरून उठली आणि सावकाश म्हणाली, "हात थरथरतो. काका थोडक्यात वाचला. तुम्ही रोज चढताय. तुम्हाला भीती वाटते."

आमच्या धंद्याचा नियम मी हिला कधी सांगितला नव्हता. बालवाडीतही बहुतेक तोच असावा.

"बघू," म्हणत हिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिथेही तो थरथरतच राहिला. हिच्या डोळ्यांतून आता पाणी येत होतं, पण आवाज वर्गातला होता. "उद्या तुम्ही वर चढायचं नाही."

"उद्या मी वर चढायचं नाही," मी म्हणालो.

साहेब खोलीच्या मधोमध तसाच उभा होता. एकदा गोधडीकडे बघत होता, एकदा आमच्याकडे. काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. 'काही नाही'च्या पुढचं त्याने या घरात कधी ऐकलंच नव्हतं.