पाखऱ्याच्या तोंडातला लगाम

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगू लागल्या की बहुधा आपण किती कामाला आलो तेच सांगतात. मी एक जुना लगाम आहे. मलाही तसंच सांगावंसं वाटतं. बारा वर्षं मी चांगली चाकरी केली, हे खोटं नाही. पण जे सांगायलाच हवं ते त्या बारा वर्षांतलं नाही. ते एका चैत्रातल्या थोड्या दिवसांचं आहे, आणि ते आठवलं की मला अजून लाज वाटते.

मेहकरच्या एका लोहारानं मला घडवलं. घोड्याच्या तोंडात आडव्या बसणाऱ्या दोन लोखंडी कांड्या, मध्ये त्यांना जोडणारी कडी, आणि दोन्ही बाजूंना हातात धरायचे कातडी पट्टे, असं माझं रूप. सुलतानपूरपासून कोसभरावरच्या गावातले शेतकरी महादेवराव यांनी मला त्यांच्या सारजा नावाच्या घोडीसाठी घेतलं.

सारजा शहाणी होती. महादेवरावांनी नुसता पट्टा हलवला तरी ती वळायची. मी तिच्या जिभेवर आरामात पडून असे. गावाजवळच्या देवीच्या जत्रेत घोड्यांची शर्यत लागायची. तिथे सारजानं दोनदा महादेवरावांना मानाचा फेटा मिळवून दिला. शर्यत संपली की ते धोतराच्या सोग्यानं मला पुसत आणि म्हणत, "लगाम असावा तं असा!" पळाली होती ती, पण कौतुक माझंही झालं, आणि मी ते माझंच समजून ठेवून घेतलं.

मग एका पावसाळ्यात पोटात कळा येऊन सारजा मेली. तिचं शिंगरू तेव्हा पाच महिन्यांचं होतं. महादेवरावांची धाकटी बहीण चांगुणा विधवा होऊन माहेरी आली होती. तिनं गाईचं दूध पाजून त्या पिल्लाला जगवलं. ते अंगणात असं उधळायचं की पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये. म्हणून तिनं त्याचं नाव पाखऱ्या ठेवलं.

माझं काय झालं ते सांगतो. गोठ्याच्या दाराची साखळी तुटली होती. महादेवरावांनी दोन दिवसांपुरतं म्हणून मला त्या दाराला अडकवलं आणि विसरून गेले. तीन वर्षं मी दाराची कडी होऊन राहिलो. वारा सुटला की दार हिसके देई, बैल अंग घाशीत, आणि प्रत्येक हिसका माझ्या मधल्या कडीवर येई. ती झिजली. एके दिवशी तिला चीर गेली आणि तिची कड नखासारखी वर आली. अंगावर गंज चढला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी मनात कुढत राहिलो.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. सुलतानपूरच्या बाजारात शेजारच्या गावचे हिंमतराव दहा माणसांत हसून म्हणाले, "सारजा गेली, तशी महादेवरावाची शर्यतही गेली."

महादेवरावांना ते लागलं. ते म्हणाले, "सारजाचं शिंगरू हाये ना माह्या घरी! या साली ते पळन."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा चांगुणा पाखऱ्याला कडबा टाकत होती. ती चटकन उभी राहिली.

"भाऊ, काऊन असं बोलून आले? त्यानं अजून सुलतानपूरचा बाजारही नाही पाह्यला. जत्रेत ढोल वाजतीन, माणसं वरडतीन. त्याले काय समजन?"

"पंधरा रोज फिरवतो ना मी त्याले."

"पुढच्या साली न्या. अजून पाठीवर माणूस कसा असते तेही त्याले धड मालूम नाही."

"जबान देल्ली हाये, चांगुणे. आता मांगं नाही सरता येत."

त्यांनी मला दारावरून काढलं. विटेच्या चुऱ्यानं घासलं, तेल लावलं, नवे पट्टे बांधले. मी बाहेरून पुन्हा चकाकू लागलो. पण घासताना त्यांचं फडकं माझ्या मधल्या कडीत शिरलंच नाही.

मित्रांनो, इथेच मला कबूल करायचं आहे. आपल्या अंगात फुटलेली कड आहे हे मला माहीत होतं. मला बोलता येत नाही, हे खरं. पण त्या सकाळी मला वाचा फुटली असती, तरी मी बोललो असतो का? मला खात्री नाही. दाराला लटकून लटकून मी कंटाळलो होतो. मला पुन्हा शर्यतीला जायचं होतं. पाखऱ्याच्या तोंडात शिरताना मला आनंद झाला होता.

तो फार वेळ टिकला नाही. महादेवरावांनी पहिल्यांदा पट्टा ओढला आणि माझी ती कड त्याच्या जिभेत रुतली. त्यानं मान झटकली. महादेवरावांना वाटलं, पोर हट्टी आहे. त्यांनी आणखी ओढलं. मी आणखी रुतलो. रोज सकाळी हेच चाललं. चार दिवसांत पाखऱ्या एक गोष्ट शिकला, की पाठीवरच्या माणसानं हात मागे घेतला की तोंडात आग होते. तो मान वर धरून, डोळे पांढरे करून पळू लागला.

चांगुणेनं ते पाहिलं. "भाऊ, त्याच्या तोंडाचा फेस लाल येऊन राह्यला."

"भिंतीचा गेरू चाटला असन."

"कडबाही अर्धा टाकून देते तो."

"तुले घोड्यातलं काय समजते? तू त्याले शेळीवानी लाडावून ठेवलं, म्हणून हे नखरे."

 चांगुणेनं पुन्हा विचारलं नाही.

जत्रेच्या दिवशी पाच घोडे उभे होते. बाकीचे चार मोठे, सरावलेले. पाखऱ्या ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला दचकत होता. त्याचं अंग थरथरत होतं, ते मला दातांतून कळत होतं. माळावर दूर एका बाभळीला वळसा घालून परत यायचं होतं.

निशाण पडलं आणि पाखऱ्या सुटला. काय सांगू तुम्हाला! तो खरोखरच सारजाचा लेक होता. बाभळीपर्यंत तो सगळ्यांच्या पुढे होता. लोक ओरडत होते, महादेवराव हसत होते. मीही क्षणभर विसरलो की मी काय करतो आहे. मग वळण आलं. महादेवरावांनी उजवा पट्टा जोरात ओढला.

पाखऱ्या जागच्या जागी थांबला आणि मागच्या पायांवर उभा राहिला. महादेवराव बाजूला धुळीत पडले. मागचे घोडे वळसा घालून निघून गेले.

लोक आधी घाबरले आणि महादेवराव उठून बसल्यावर हसले. कुणीतरी ओरडलं, "पाटील, फेटा सोडून माती घेऊन चालले काय!"

पाखऱ्या पळाला नव्हता. तो तिथेच पाय फाकवून उभा होता. महादेवराव उठले, त्यांनी पट्टा धरला आणि सगळ्यांसमोर त्याला चाबकानं मारलं. एक नाही, कितीतरी फटके. आणि प्रत्येक फटक्याला त्यांच्या दुसऱ्या हातातला पट्टा ताणला जात होता, म्हणजे बाहेरून चाबूक मारत होता आणि आतून मी.

त्या संध्याकाळी ते चांगुणेला म्हणाले, "इकून टाकतो. बदमाश जनावर हाये. आज मले पाडलं, उद्या कोनाचा जीव घेईन."

चांगुणेनं एवढंच विचारलं, "कोनाले इकसान?"

"जो नेईन त्याले."

मेहकरच्या गुरांच्या बाजारात पाखऱ्याची गोष्ट आमच्या आधीच पोचली होती. चांगला माणूस जवळ येईना. शेवटी वीटभट्टीवाला एक जण आला. त्याला विटा वाहायला जनावर हवं होतं. "अडलं तं आमच्याकडं दांडके हायेत," असं म्हणून त्यानं पाखऱ्याच्या पाठीवर थाप मारली. सौदा जवळजवळ ठरलाच होता.

तेवढ्यात एक वाळका म्हातारा पुढे आला. त्याचं नाव पुंजाजी. नांदुऱ्याच्या स्टेशनवर तो टांगा चालवायचा. त्याचा घोडा थकला होता, म्हणून दुसरा पाहायला तो मोटारीनं मेहकरला आला होता.

"दात पाहू का, पाटील?" त्यानं विचारलं. घोड्याचं वय दातांवरून कळतं, म्हणून घेणारा आधी तोंड उघडून पाहतो.

"पाहा. पन चावन तो."

पुंजाजींनी घाई केली नाही. आधी पाखऱ्याच्या मानेवर हात फिरवला, कानापाशी काहीतरी पुटपुटले. मग मला हळूच सोडवलं आणि त्याचा जबडा उघडला. ते दात पाहायचे विसरूनच गेले. 

"पाटील, इकडं या बरं."

महादेवराव वाकले. पाखऱ्याची जीभ एका बाजूनं चिरलेली होती. टाळूला जखम होती, तिच्यात पू झाला होता. पुंजाजींनी मला उलटं केलं आणि मधली कडी महादेवरावांच्या डोळ्यांसमोर धरली. त्या कडीला पाखऱ्याचं वाळलेलं रक्त होतं.

"किती रोज झाले हे त्याच्या तोंडात हाये?"

महादेवरावांची मान खाली गेली. भोवती माणसं जमली होती. वीटभट्टीवालासुद्धा खाली पाहू लागला.

"अन् एवढं घेऊन हे लेकरू बाभळीपर्यंत सगळ्याइच्या पुढं पळालं," पुंजाजी म्हणाले. आवाज चढवून बोलले नाहीत. चढवला असता तर बरं झालं असतं.

जत्रेतलं हसू महादेवरावांनी रागानं झेललं होतं. ही शांतता त्यांना झेपली नाही. त्यांनी फेटा काढून तोंड पुसलं आणि वीटभट्टीवाल्याला म्हणाले, "आज इकायचा नाही."

"मलेही आज नाही पाह्यजे," पुंजाजी म्हणाले. "महिनाभर याच्या तोंडात काही घालू नोका. जखम भरू द्या. मंग मी येतो. तवाही इकायचा असला तं सांगा."

परतताना महादेवराव पाखऱ्यावर बसले नाहीत. गळ्यात नुसता दोर बांधून ते त्याच्या पुढे पायी चालले. मी त्यांच्या खांद्यावर होतो. वाटेत एका निंबाखाली ते थांबले. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांनी मला हातात घेतलं, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कांड्या स्वतःच्या तोंडात धरल्या. मग दोन्ही पट्टे हळूच मागे ओढले. एकदाच. लगेच मला बाहेर काढून ते थुंकले, आणि तिथेच डोकं धरून खाली बसले. पाखऱ्या दोर ताणला जाईल तेवढ्या लांब उभा होता.

घरी येऊन ते चांगुणेला म्हणाले, "तू म्हनली होती. लाल फेस."

 तिनं चुलीवर मिठाचं पाणी ठेवलं.

महिनाभर तिनं त्याचं तोंड धुतलं, मऊ कोंडा भिजवून चारला. महादेवराव रोज गोठ्यात येत, पण ते दारात आले की पाखऱ्या मागे सरकून भिंतीला टेके. ते तिथूनच परत जात.

बोलल्याप्रमाणे पुंजाजी आले. जखमा भरल्या होत्या. महादेवराव ओसरीत बसून म्हणाले, "पुंजाजी, माह्या मनात इकायचं नाही. त्याले मी नीट सांभाळीन. पन मांगच्या वेळी मी कोनाचं ऐकलं नाही. आता चांगुणा म्हनन तसं."

मला वाटलं, ती नाहीच म्हणेल. तिच्या हातचं दूध पिऊन तो वाढला होता. ती खूप वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"याइले द्या, भाऊ," ती म्हणाली. "तुमी सांभाळसान. पन तो तुमाले पाहून थरथरते. रोज उठून कोनी काऊन थरथरावं? याइनं आधी त्याचं तोंड पाह्यलं. याइच्याकडं तो जेवन."

महादेवराव उठून आत गेले. पाखऱ्या गेला तेव्हा ते बाहेर आले नाहीत. चांगुणा मात्र वेशीपर्यंत गेली. पुंजाजींनी त्याच्यासाठी तोंडात न घालता डोक्यावरून बांधायचा दोरीचा मऊ मोरखा आणला होता. मला त्यांनी नेलं नाही, आणि ते बरोबरच केलं; मी ओसरीतल्या खुंटीवर राहिलो.

त्या हिवाळ्यात कापसाच्या कामाचं निमित्त काढून महादेवराव नांदुऱ्याला जाऊन आले. आल्या आल्या चांगुणेनं विचारलं, "दिसला?"

"दिसला. स्टेशनाबाहेर टांग्याले उभा व्हता. अंग भरलं त्याचं. इंजिनानं शिट्टी मारली तरी कान नाही हलवत."

"तुमाले वळखलं?"

"वळखलं. म्हणून तं मान वर घेतली, माह्या हाताच्या बाहेर."

"मंग?"

"मंग हात खाली घेतला. गाडी येऊन गेली तवरोक तसाच उभा राह्यलो."

"आला जवळ?"

"नाही." ते वहाणा काढू लागले. "पुढच्या महिन्यात पुन्हा जातो."

"मंग गूळ न्या," चांगुणा म्हणाली. "रिकाम्या हातानं नोका जाऊ."

तेव्हापासून ते जात राहिले. पाखऱ्यानं त्यांच्या हातचा गूळ खाल्ला की नाही, मला ठाऊक नाही. तसं काही झालं असतं तर त्यांनी येऊन चांगुणेला सांगितलं असतं, आणि मी ते ऐकलं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरी घोडा नसेल, पण बैल असेल, गाय असेल. ते चालता चालता अडलं, मान झटकू लागलं, वैरण टाकून देऊ लागलं, तर त्याला हट्टी म्हणण्याआधी त्याचं तोंड उघडा, खांदा पाहा, खूर उचलून पाहा. घरातलं कुणी लाल फेसाबद्दल बोलत असेल, तर त्याचं ऐका. आणि माझ्यासारखी जुनी वस्तू पुन्हा कामाला काढाल, तेव्हा तिला वरवर चकाकवू नका. मधली कडी उलटून पाहा. मला ओरडता येत नाही, आणि ज्याच्या तोंडात मी जातो त्यालाही सांगता येत नाही.